कोणाच्या हातचं आहे?

गेल्या वर्षी गणपतीत मोदक वाढता वाढता कोणीतरी मंडळाच्या हॉलमध्ये ही बातमी फोडली. तेव्हापासून भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मला तेच चार प्रश्न विचारतो. विमान घेतलं म्हणजे स्वतःचं? कितीला पडलं? बायको काही बोलली नाही? आणि घ्यायचंच होतं तर जुनं का घेतलं? संपादक म्हणाल्या, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा दिवाळी अंकात एकदाच लिहून टाक. म्हणून हा लेख.

आधी खुलासा. विमान माझं एकट्याचं नाही, तिसरा हिस्सा माझा. दुसरा हिस्सा माझ्या ऑफिसमधल्या नाशिकच्या मित्राचा आणि तिसरा एका गुजराती दंतवैद्याचा. विमान १९८१ सालचं आहे, म्हणजे माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठं. नाव मूनी २३१. एक इंजिन, पुढे एक पंखा, चार खुर्च्या. इंजिन जेट नव्हे. आपल्या मोटारीसारखंच पिस्टनचं, पेट्रोलवर चालणारं, पण टर्बो बसवलेलं. हे टर्बो प्रकरण काय आहे ते पुढे सांगतो, कारण डेन्व्हरला राहणाऱ्या माणसासाठी सगळा मुद्दा तिथेच आहे.

मी मूळचा कटंगीचा. नकाशात आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात आहे, पण १९५६ पर्यंत आम्ही आणि नागपूर एकाच प्रांतात होतो, आणि आमच्या घरची भाषा अजून त्याच प्रांतात राहते. तांदळाचं बोलणं तुमसरचं, सोयरीक गोंदियाची, शिक्षण नागपूरचं. बाबूजी तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत फिटर होते. कॉम्प्रेसर, पंप, डंपर, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे यायचं. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे. मी इंजिनीअरिंगच्या शेवटी शेवटी मावशीकडे गोंदियाला जायचो, तेव्हा तिथे वैमानिक प्रशिक्षण सुरू झालं होतं. लहान विमानं दिवसभर घिरट्या घालायची. मावशी म्हणायची, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांना आता कावळ्यांपेक्षा यांचीच सावली जास्त पडते.

मी उडायला शिकलो ते मात्र इथे, कोलोरॅडोत, तिशी ओलांडल्यावर. अमेरिकन नागरिक नसलेल्याला शिकायला सुरुवात करण्याआधी सरकारची सुरक्षाविषयक मंजुरी लागते, ती मिळाली. पण विमान स्वतःच्या नावावर नोंदवायचं तर नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं. एच-वन-बी व्हिसावर ते जमत नाही. त्यामुळे लायसन्स झाल्यावरही चार वर्षं भाड्याचीच विमानं उडवली. आपल्या मंडळात हा व्हिसा असलेले बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता टर्बो. आपला सेंटेनियल विमानतळ ५,८८५ फुटांवर आहे. कटंगी हजारएक फुटांवर. जसजसं वर जावं तशी हवा विरळ होते, आणि साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांवर गेला की हवा आणखी पातळ होते. मग सेंटेनियलच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान जणू नऊ हजार फुटांच्या वर उभं असल्यासारखं वागतं. भाड्याचं सेसना १७२ घेऊन जुलैच्या दुपारी उड्डाण केलं तर ते धावपट्टीवरून उठतं, पण उपकार केल्यासारखं. आणि पश्चिमेला डोंगर सुरू होतात, त्यात १४,००० फुटांच्या वरची पन्नासाहून अधिक शिखरं.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची विरळ हवा दाबून इंजिनात भरायची. इंजिनाला वाटतं आपण समुद्रकाठी आहोत. ही युक्ती पहिल्यांदा नीट पारखली गेली ती आपल्या घरापासून दोन तासांवर. १९१८ साली सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनीअरने लिबर्टी विमान-इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीकच्या माथ्यावर, १४,००० फुटांवर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर साधारण २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर पुन्हा ३५० च्या वर गेलं. पाइक्स पीकला आपण पाहुण्यांना घेऊन डोनट खायला जातो, तेव्हा हेही सांगत जा.

पण फुकट काही नाही. आमच्या इंजिनात टर्बोच्या तोंडाशी वायूचं तापमान १,६५० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ देतात. चक्र मिनिटाला हजारोंनी फेरे घेतं. म्हणजे साध्या इंजिनापेक्षा जास्त उष्णता, जास्त सुटे भाग आणि जास्त बिलं. जुनं टर्बो विमान घेणं म्हणजे गेली चाळीस वर्षं ही आग कोणी कशी सांभाळली, ते विकत घेणं.

हे वाक्य माझं नाही, बाबूजींचं आहे. ते कसं आलं ते सांगतो.

२०२३ च्या मार्चमध्ये बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान आमच्या बालाघाट जिल्ह्याच्या जंगलपहाडात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. कटंगीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. आणि नेमक्या त्याच महिन्यात आम्ही तिघं विमान शोधायला लागल्याचं मी घरी सांगितलं होतं. बाबूजींचा फोन आला. ते कधी ओरडत नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत.

“अरे, इकडं पहाडात इमान पडलं. मास्तर अन् शिकणारी पोरगी, दोघंबी गेले. अन् तू इमान घेऊन रायला?”

मी आकडे सांगायला लागलो. नियम, प्रशिक्षण, दरवर्षीची तपासणी. ते ऐकत राहिले. आई मागून म्हणाली, “त्याला म्हणा, घर मोठं घे त्यापेक्षा.” त्यानंतर दोनेक महिने बाबूजी फोनवर पावसाबद्दल बोलायचे, धानाबद्दल बोलायचे, विमानाचं नाव काढायचे नाहीत. मीही काढलं नाही. पण मला ते जड जायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही करत होतो, जे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळलं असतं, आणि तेच गप्प होते.

मग एका रविवारी त्यांनीच विचारलं, “नवं घेतो का जुनं?”

जुनं, म्हटलं. नव्या टर्बो विमानाला दहा लाख डॉलरच्या घरात पैसे लागतात.

“जुनं हाये त हाये. पण कोणाच्या हातचं हाये ते पाय. खाणीत नवा कॉम्प्रेसर एका पाळीत बसलेला मी पायला, अन् तीस वर्षांचा कॉम्प्रेसर गुमान चालतानाबी पायला. वही पाय. वहीत सही पाय. सही करणाऱ्याले आपलं नाव खराब होऊ द्याचं नसते.”

खाणीत प्रत्येक यंत्राची वही असायची. पाळी बदलली की तास, तेल, तापमान लिहायचं आणि खाली सही. विमानाचंही अगदी तसंच असतं, हे ऐकून त्यांचा आवाज बदलला. विमानाच्या वह्या तीन असतात, सांगाड्याची, इंजिनाची आणि पंख्याची. केलेलं प्रत्येक काम तारखेनिशी, तासांनिशी आणि मेकॅनिकच्या सही-नंबरानिशी लिहावं लागतं. त्या दिवसापासून बाबूजी आमचे चौथे भागीदार झाले, बिनपैशाचे.

पहिलं विमान आम्हाला मिळालं ते कॅन्सस राज्यात. टर्बो सेसना २१०, साल १९७८. सहा खुर्च्या, ३१० अश्वशक्ती, नवा रंग, नवी चामड्याची बैठक, काचेचे पडदे असलेली नवी उपकरणं. भाव बाजारापेक्षा बराच कमी. आम्ही तिघंही बघायला गेलो आणि नाशिककर तिथेच प्रेमात पडला. मी हॉटेलच्या खोलीत वह्या घेऊन बसलो.

या जातीच्या विमानाला पंखाखाली टेकू नसतो. दोन्ही पंखांचं ओझं केबिनच्या छतातून जाणारी एक आडवी तुळई पेलते. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात असंच एक २१० हवेत असताना त्याची तुळई तुटली आणि पंख निखळला. त्यानंतर २०२० मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याने, म्हणजे एफएएने, ही तुळई विद्युत उपकरणाने तपासण्याचा आदेश काढला. आमच्यासमोरच्या विमानाची ती तपासणी झालेली होती, पास होती, कागद होता. पण १९९४ ते २००१ या सात वर्षांच्या वह्याच नव्हत्या. घर बदलताना हरवल्या, असं विकणारा म्हणाला. आणि सात वर्षांनंतरच्या पहिल्याच पानावर पंखा वेगळ्या क्रमांकाचा होता.

पंखा बदलण्याची कारणं साधीही असतात. पण पंखा जमिनीला घासला असेल तर इंजिन उघडून आतून तपासावं लागतं. ते झालं का, हे सांगणारं पानच नव्हतं. माझ्या धंद्यातल्या लोकांना कळेल असं सांगतो. कोड जुना असला तरी चालतो, पण मधल्या सात वर्षांची कमिट हिस्टरी गायब असेल तर त्या सिस्टिमवर कोणी स्वतःचा पगार ठेवत नाही. इथे तर मुलीला मागच्या सीटवर बसवायचं होतं.

बाबूजींना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “वही हरवत नाही. वही हरवते तेव्हा कोणीतरी हरवलेली असते.”

खरंच कोणी मुद्दाम हरवली असेल असं मी म्हणणार नाही. घर बदलताना खोकी हरवतात. पण आम्हाला ते कळायचा मार्ग नव्हता, आणि कळायचा मार्ग नसेल तर भाव कितीही कमी असो, तो भाव कशाचा आहे हेच ठरत नाही. आम्ही अनामत परत घेतली. नाशिककर दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचं म्हणणं होतं, मी कारणं शोधतोय, मला घ्यायचंच नाहीये. दंतवैद्यांनी मध्ये पडून दोघांना जेवायला बोलावलं आणि ठरवलं की यापुढे तिघांपैकी एकाचा जरी नकार असेल तरी विमान घ्यायचं नाही, आणि नकार देणाऱ्याला कारण विचारायचं नाही. भागीदारीच्या करारात हे कलम आजही पहिलं आहे.

मूनी मिळालं त्यानंतर वर्षभराने, नेब्रास्कामध्ये. मालक एक निवृत्त पशुवैद्य. बावीस वर्षं त्यांच्याकडेच. वय झालं, वैद्यकीय दाखला मिळेना, म्हणून विकत होते. रंग उडालेला. आतली बैठक १९८१ च्या हॉटेलसारखी तपकिरी. पण वह्या पहिल्या पानापासून सलग, टेक्सासमधल्या केर्व्हिलच्या कारखान्यातून बाहेर पडल्याच्या दिवसापासून. शिवाय प्रत्येक तेलबदलीचा प्रयोगशाळेचा अहवाल. तेलात लोखंडाचे, तांब्याचे किती कण आले ते त्यात मोजलेलं असतं. रक्ततपासणीच म्हणा. गुरांच्या डॉक्टरने स्वतःच्या विमानाची बावीस वर्षं रक्ततपासणी केली होती.

वह्या बघून झाल्यावर त्यांनी आम्हालाच प्रश्न विचारले. तेल किती तासांनी बदलाल? हँगर आहे की उघड्यावर ठेवणार? उतरल्यावर इंजिन लगेच बंद करता का? आम्ही त्यांचा हात तपासत होतो, ते आमचा तपासत होते.

तरीही तपासणी केलीच. विमान घेण्यापूर्वीची ही तपासणी नेहमी अशा मेकॅनिककडून करून घ्यायची ज्याने ते विमान कधी सांभाळलेलं नाही, आणि ज्याला त्या जातीची खोड माहीत आहे. मूनीचं पेट्रोल पंखाच्या पोकळीतच भरलेलं असतं, वेगळी टाकी नसते. जुन्या जोडांतून ते पाझरतं आणि ते काम महाग आहे. चाकांच्या दांड्यांत स्प्रिंगऐवजी रबराच्या चकत्या असतात, त्या दबून जातात. सुरुवातीच्या २३१ मध्ये टर्बोकडे जाणाऱ्या वायूचं प्रमाण आपोआप कमीजास्त होत नाही, त्यामुळे बेसावध वैमानिक इंजिनाला जास्त दाब देऊन बसतो. आमच्या विमानाला आपोआप चालणारी झडप आणि दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर, दोन्ही मागाहून रीतसर बसवलेले होते. टर्बोला धुराड्याच्या नळीशी जोडणारा एक पट्टा असतो. तो तुटला तर ९०० अंशांचा वायू इंजिनाच्या खोलीत सुटतो. असे अपघात झाल्यामुळे २०२३ मध्ये एफएएने अनेक टर्बो विमानांमधले जोडणीचे असे पट्टे दर ५०० तासांनी बदलण्याचा आदेश काढला. आमच्या वहीत तो बदलल्याची नोंद होती, तारखेसह.

सहा सिलिंडरांची दाब-चाचणी झाली. ८० पौंड हवा देऊन किती टिकते ते बघतात. पाच सिलिंडर सत्तरच्या वर, एक ६२. नुसता आकडा बघून घाबरायचं नसतं, म्हणून आत छोटा कॅमेरा घातला. धूर सोडणाऱ्या झडपेवर एका कडेला वेगळा डाग दिसला, म्हणजे ती तिथे जास्त तापत होती. हे पशुवैद्यांना दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा केला आणि दुरुस्ती होऊन, वहीत सही पडूनच विमान आमच्या ताब्यात आलं. विमानावर कोणाचं कर्ज नाही ना, याचा शोध ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून घेतला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ते घरी आणलं.

आता सगळ्यांना हवा असलेला आकडा. विमान पडलं १,१८,००० डॉलरला. तिघांत वाटलं की एका बऱ्या मोटारीएवढं होतं. पण किंमत हा खर्चाचा सोपा भाग. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी धरून दरमहा प्रत्येकी साधारण ६०० डॉलर, विमान जागचं हललं नाही तरी. उडवलं की तासाला बारा गॅलन पेट्रोल वेगळं. आणि तासाला ठरावीक रक्कम इंजिनाच्या फंडात. कारण कंपनीने सांगितलेलं इंजिनाचं आयुष्य १,८०० तास आहे, आमचे त्यातले अर्धे झालेत, आणि पुढच्या दुरुस्तीला साठेक हजार डॉलर लागतील. हा फंड ज्यांना जमणार नाही त्यांनी टर्बोच्या वाटेला जाऊ नये. आणि चार खुर्च्या म्हणजे चार माणसं असंही नाही. पेट्रोल पूर्ण भरलं तर माणसं-सामान मिळून १९५ किलो उरतात. आम्ही दोघं, मुलगी आणि एक बॅग. बस.

बायको काही बोलली नाही का? बोलली. ती नागपूरची आहे, बोलल्याशिवाय राहत नाही. तिच्या तीन अटी होत्या. डोंगरावरून रात्री नाही. पहिले पन्नास तास मुलगी बसणार नाही. आणि तिसरी, “ज्या दिवशी तू ‘जायलाच हवं’ असं म्हणशील, त्या दिवशी आपण गाडीने जायचं.”

तिसऱ्या अटीची परीक्षा मागच्या दिवाळीत झाली. तिचा भाऊ सॉल्ट लेक सिटीला असतो. भाऊबीज रविवारी. गाडीने आठ तास, मूनीने दोन-सव्वादोन. पन्नास तास पूर्ण झाले होते, मुलीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी हवामान बघितलं तर डोंगरावर १२,००० ते १७,००० फुटांत ढग, तापमान शून्याखाली. अशा ढगात विमानाच्या पंखांवर बर्फ बसतो, आणि आमच्या विमानाला बर्फात उडण्याची परवानगी नाही. आता टर्बोचा मोह कसा असतो बघा. मूनी २४,००० फुटांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे ढगांच्या वर लख्ख उन्हात आरामात. नाकाला ऑक्सिजन लावायचा, जो १४,००० फुटांच्या वर वैमानिकाला सक्तीचाच आहे, आणि निघायचं. पण वर जाण्याचा आणि उतरण्याचा रस्ता त्याच ढगांतून. टर्बो ताकद परत देतो, हवामान बदलून देत नाही.

मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. बायकोने विचारलं, “काय म्हणतंय?” मी म्हटलं, “गाडीत पेट्रोल आहे ना?” तिच्या चेहऱ्यावर निराशा होती. भाऊ तिचा, ओवाळायचं तिला. पण ती काही न बोलता चकल्यांचा डबा भरायला गेली. मुलगी मात्र बरंच बोलली. शनिवारी पहाटे निघालो आणि वायोमिंगच्या वाऱ्यात गाडी दोन्ही हातांनी धरून संध्याकाळी पोचलो. जेवताना मेव्हणा म्हणाला, “भावजी, विमान घेऊन गाडीनेच आलात?” घरभर हशा. तो हशा मला फार स्वस्त वाटला.

या जूनमध्ये आई-बाबूजी आले. बाबूजींनी येतानाच जाहीर केलं होतं, “पायतो, बसत नाही.” योगायोगाने वार्षिक तपासणी चालू होती, इंजिनावरचं झाकण काढलेलं होतं. मेकॅनिकच्या हाताखाली छोटी कामं मालकाला करता येतात, म्हणून मी स्क्रू काढत होतो. बाबूजी बॅटरी धरून उभे राहिले. मेकॅनिकला हिंदी-मराठी येत नाही, बाबूजींना इंग्रजी कामापुरतंच, पण दोघांचं तासभर छान चाललं. बोट दाखवायचं, मान हलवायची. मग बाबूजी खुर्ची ओढून वह्या वाचत बसले. पशुवैद्यांचं अक्षर त्यांना आवडलं. सिलिंडर बदलल्याच्या पानावर ते थांबले. “ही सही कोणाची?” मी समोरच्या मेकॅनिककडे बोट दाखवलं. बाबूजींनी चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मान हलवली.

चार दिवसांनी, सकाळी सात वाजता, ते स्वतःहून पुढच्या सीटवर बसले. डोंगराकडे गेलोच नाही. पूर्वेला, सपाट शेतांवरून चाळीस मिनिटं. ते बाहेर कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघत होते. उतरून हँगरपाशी आलो, मी इंजिन हळू चालू ठेवून थांबलो, तर म्हणाले, “बंद कर ना, पेट्रोल जाऊन रायलं.” म्हटलं, टर्बो तापलाय. जरा गार होऊ द्यावा, तोवर त्याला तेल मिळत राहायला हवं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि पाच मिनिटं मोजली. कटंगीला परत गेल्यावर त्यांनी लोकांना विमानाबद्दल काय सांगितलं ते मला आईकडून कळलं. उंची नाही, वेग नाही. ते सांगतात, पोरगा पाच मिनिटं थांबतो.

मंडळातल्या ज्यांच्या मनात असं काही आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी शिका, मग शंभरेक तास भाड्याने उडवा, मग विमान बघा. भागीदार शोधताना त्याच्या उड्डाणाच्या तासांपेक्षा, तो नकार कसा ऐकून घेतो ते बघा. डोंगर ओलांडायचे नसतील तर टर्बो घेऊ नका, साधं इंजिन स्वस्त आणि शांत. वह्या अपुऱ्या असतील तर पुढचं काही बघू नका. आणि विमान घेतल्यावर लक्षात ठेवा की उद्या कोणीतरी ते आपल्याकडून विकत घेईल आणि वही उघडून विचारेल, हे कोणाच्या हातचं होतं?

कोणाला विमान, वह्या किंवा नुसता टर्बो बघायचा असेल तर शनिवारी सकाळी आम्ही तिघांपैकी कोणीतरी हँगरवर असतोच. ऊन चढायच्या आत या. चहा थर्मासमध्ये असतो, चिवडा तुम्ही आणा.